पडदा काळा पडतो तेव्हा

(भिलाई येथे मराठी वाचकांसमोर अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादिकेला व्याख्यानाला बोलावले म्हणजे ती अनुवादाविषयी बोलणार, असे आपण धरून चालला असाल. माझाही विचार प्रथम तसाच होता. परंतु ह्या पुस्तकाचे काम उशिरा का पुरे झाले असे ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांना मी खरे कारण सांगितले, आणि ते ऐकून कित्येकांनी आपल्याही घरची तीच कथा मला ऐकवली. कारण एवढेच होते की, बाराव्या प्रकरणाच्या मध्यावर माझ्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला आणि पाच दिवस काळाच राहिला. त्या पाच दिवसांत मला जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवावे, असे मी ठरविले आहे.

मी अभियंता नव्हे; मराठीची एम. ए. आहे. ह्या विषयावर जाणकार बोलतात तेव्हा ते बहुधा दुसऱ्या जाणकाराशी बोलत असतात, आणि ज्याचा पडदा काळा पडला आहे तो मनुष्य बाजूला उभा राहून नुसते ऐकत असतो. त्याच्यासाठी मी बोलणार आहे.

माझ्या यंत्रावर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढे तो कोणीही वाचावा, बदलावा व इतरांस द्यावा अशा अटींवर जगापुढे ठेवला. आपल्याकडे सी-डॅकने भारतीय भाषांची सोय करून तिची 'बॉस' नावाची आवृत्ती काढली. केडीई हे तिचे जे एक दर्शनी रूप आहे, त्याचा मराठीत अनुवाद झाला आहे. तसा छत्तीसगढीतही झाला आहे, हे ह्या सभागृहात तरी सांगितले पाहिजे. मी ही प्रणाली घेतली ती मात्र तत्त्वासाठी नव्हे. ती फुकट होती, जुन्या यंत्रावर चालत होती, आणि तीत मराठी टंकलेखनाची सोय आयती होती.

आता घडले ते सांगते. एका बाजूला मूळ पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर दिसावे म्हणून मी लॅपटॉपला एक जादा पडदा जोडला होता. तो अधूनमधून लुकलुके. सेटिंग्ज चाळताना 'अतिरिक्त ड्रायव्हर' असा एक विभाग दिसला व तेथे चित्रकार्डाच्या निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर बसविण्याची सूचना होती. मी बटण दाबले. यंत्राने एक परवलीचा शब्द ठरवावयास सांगितले. तो मी ठरविला, आणि यंत्र पुन्हा सुरू केले. सुरू होता होता मध्येच एक निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यांतली पहिली 'पुढे चला' अशा अर्थाची होती. अनोळखी दारातून माणूस जसा घाईने पुढे सरकतो, तशी मी ती ओळ निवडून पुढे गेले. त्यानंतर सारे काळे झाले. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ तेवढी लुकलुकत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र एका दुकानात नेले. तेथे दोन मिनिटांत निदान झाले, की मदरबोर्ड गेला. शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी भला मुलगा आहे. तो म्हणाला, "आंटी, फॉरमॅट कर देते हैं, एक घंटे का काम है." मी त्याला विचारले की, माझ्या अकरा प्रकरणांचे काय? त्यावर तो गप्प झाला. शेवटची प्रत मी दुसरीकडे ठेवली होती ती सातव्या प्रकरणापर्यंतची होती. म्हणजे चार प्रकरणे आणि पाचवे अर्धे, एवढे काम त्या काळ्या पडद्यामागे अडकलेले होते.

माझे वडील १९६७ साली वर्ध्याहून येथील पोलाद कारखान्यात आले आणि विद्युत दुरुस्तीच्या कामावर निवृत्त झाले. संगणकाशी त्यांचा संबंध नाही. ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "लाइन कुठवर येते ते पाह्यलं का?"

मी म्हटले, "बाबा, हा काही मोटरचा स्विच नाही."

"स्विच नसू दे. मोटर बंद म्हणून कोणी मोटर नाही फेकत. आधी पाहा, कुठवर येते अन् कुठून पुढं जात नाही."

माझ्या मते बिघाड शोधण्याच्या साऱ्या शास्त्राचे मूळ ह्या प्रश्नात आहे. पडद्यावर चित्र उमटते ते एका लांब वाटेने येते, हे आपण विसरतो. आपण ज्या लेखनप्रणालीत अक्षर टाइप करतो ती ते अक्षर दर्शनी यंत्रणेकडे देते, ती गाभ्याकडे, गाभ्यातील ड्रायव्हर ते चित्रकार्डाला समजेल अशा आज्ञांत मांडतो, कार्ड ते रंगवते, बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारेने ते पडद्यापर्यंत पोचते, आणि पडद्यामागचा दिवा ते उजळतो. ह्या वाटेवर कोठेही खंड पडला तरी डोळ्याला दिसणारे फळ एकच, अंधार. म्हणून अंधार पाहून निदान करता येत नाही. वाट चालून पाहावी लागते.

आम्ही ती शेवटच्या टोकापासून चालू लागलो. खोली अंधारी करून पडद्यावर तिरकस टॉर्च धरला. अंधुक का होईना, चित्र दिसले तर समजावे की चित्र येत आहे, केवळ मागचा दिवा लागत नाही. मग दोष दिव्याचा, किंवा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या आज्ञेचा. पुष्कळदा तर उजेडाची कळ चुकून शून्यावर गेलेली असते. आमच्या पडद्यावर तसे चित्र नव्हते. झाकण पुढेमागे हलवून पाहिले. हलविताना पडदा चमकून जात असेल तर बिजागरीतील तारेचा संशय घ्यावा. चमकला नाही. बाहेरचा पडदा जोडला, तोही काळा. बाहेर चित्र येते आणि आत येत नाही, असे झाले असते तर लॅपटॉपचा पडदा किंवा त्याची तार दोषी ठरली असती.

ह्यानंतर बाबांनी जे विचारले ते दुकानदाराने विचारावयास हवे होते. "चालू करताना सुरुवातीला काही दिसतं का?" दिसत होते. बटण दाबताच कंपनीचे बोधचिन्ह लख्ख उमटे. ही खूण मोलाची आहे. यंत्र सुरू होताना पहिली काही क्षणचित्रे त्याचे स्वतःचे जन्मजात सॉफ्टवेअर काढते; कार्यप्रणाली तोवर जागी झालेली नसते. बोधचिन्ह दिसले याचा अर्थ पडदा, दिवा, तार व कार्ड एवढा मार्ग शाबूत आहे. मदरबोर्ड बहुधा गेलेला नाही. जे बिघडले आहे ते कार्यप्रणालीने सूत्रे हाती घेतल्यानंतरचे आहे. नवे यंत्र घेण्याचा खर्च ह्या एका निरीक्षणाने वाचला.

पुढची पायरी गाभा जिवंत आहे की नाही हे पाहण्याची. काळ्या पडद्यापुढे बसून कॅप्स लॉक दाबावे. तिचा बारीक दिवा लागत-विझत असेल तर आत कोणीतरी आज्ञा ऐकत आहे असे समजावे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन ह्या तीन कळा एकदम दाबाव्या. लिनक्समध्ये चित्रमय दालनाशेजारी अक्षरांची काही साधी दालने असतात, आणि ही कळ आपणास त्यांपैकी एकात नेते. आम्ही ती दाबली आणि पाच दिवसांत प्रथमच काळ्यावर पांढरी अक्षरे उमटली: नाव व परवलीचा शब्द विचारणारी.

मी माझ्या कामाचा कप्पा उघडला आणि यादी मागविली. पडद्यावर चौकोनांच्या रांगा आल्या. मी सारी प्रकरणे मराठी नावांनी जतन केली होती, आणि ह्या साध्या दालनाला देवनागरी येत नाही. क्षणभर वाटले की सारे नासले. परंतु प्रत्येक रांगेसमोर दिनांक आणि आकारमान इंग्रजी अंकांत होते, आणि शेवटच्या रांगेसमोर त्याच संध्याकाळचा दिनांक होता. बारावे प्रकरण तेथेच होते. वाचता येत नव्हते एवढेच. शेजारच्या मुलाने पेन ड्राइव्ह जोडून दिला. नावे टाइप करणे शक्यच नव्हते. तेव्हा 'सर्व' अशा अर्थाचे तारकाचिन्ह देऊन आम्ही सारा कप्पा उचलून घेतला. दुसऱ्या यंत्रावर तो उघडला तेव्हा चौकोनांची पुन्हा अक्षरे झाली. दुरुस्ती अजून व्हायचीच होती, पण मी त्या रात्री झोपले. ज्यांचा पडदा काळा पडेल त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, हे काम आधी करावे. बिघाड शोधण्याच्या उत्साहात पुष्कळ लोक प्रथम यंत्र वाचवू पाहतात.

आता दोष कोठे? एवढे कळले होते की गाभ्यापर्यंत लाइन येते आणि चित्रमय दालनात जात नाही. दोहोंच्या मध्ये उभा असतो ड्रायव्हर.

हा शब्द आपल्याला मोटारीमुळे ठाऊक आहे, पण त्याचे काम चालकाचे कमी आणि दुभाष्याचे जास्त. भिलाईकरांना दुभाष्या समजावून सांगावा लागू नये. १९५५च्या फेब्रुवारीत भारत व सोव्हिएट संघ यांच्यात ह्या कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन तज्ज्ञ, आपले कामगार, आणि मध्ये दुभाष्ये. बाबा सांगतात की, दुभाष्या जेवायला गेला म्हणजे दोन्हीकडचे हुशार लोक एकमेकांकडे पाहून नुसते हसत बसत. यंत्र ठीक, माणसे ठीक, आणि काम बंद. माझ्या लॅपटॉपमध्ये नेमके हेच चालले होते.

परंतु दुभाष्या गैरहजर का होता? इथे मुक्तस्रोत प्रणालीचा एक गुण उपयोगी पडतो. ती सुरू होताना जे जे करते व जे जे तिला जमत नाही, ते सारे एका रोजनिशीत लिहून ठेवते. 'जर्नल-सीटीएल' ह्या आज्ञेने ती रोजनिशी कोणालाही वाचता येते, आणि मागच्या खेपेची नोंदही मागविता येते. 'एलएसपीसीआय' ह्या आज्ञेला 'के' हे अक्षर जोडले की कोणते कार्ड आहे व त्याच्या सेवेला सध्या कोणता ड्रायव्हर आहे, हे कळते. आमच्या यंत्रात ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे होते. कार्ड होते, दुभाष्या नव्हता. आणि रोजनिशीत दोन-तीनशे ओळींनंतर एक ओळ सापडली. तिचा अर्थ असा होता की, ज्याची किल्ली उपलब्ध नाही असे मॉड्यूल दाराशी आले होते, सबब ते आत घेतले नाही.

मला तो निळा पडदा आठवला.

आजच्या बहुतेक यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारा असतो. ज्यावर विश्वासातल्या किल्लीची सही नाही ते सॉफ्टवेअर तो सुरुवातीच्या काळात आत येऊ देत नाही. निर्मात्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याबरोबर येत नाही. तो पुष्कळदा आपल्याच यंत्रावर जुळविला जातो आणि यंत्रानेच तयार केलेल्या किल्लीने त्यावर सही होते. ती किल्ली विश्वासाची आहे हे पहारेकऱ्याला सांगण्याचा अधिकार फक्त समोर बसलेल्या माणसाला असतो, आणि ते सांगण्याची जागा म्हणजे तो निळा पडदा. दुरून घुसलेल्या लबाड सॉफ्टवेअरला तेथे कळ दाबता येत नाही, म्हणून ही योजना आहे. योजना शहाणपणाची आहे. मात्र चार इंग्रजी ओळींत तिने स्वतःची ओळख करून दिली, आणि मी 'पुढे चला' म्हटले. चूक माझी होती, हे मी कबूल करते. तरी इतक्या निर्णायक जागी वापरणाऱ्याची भाषा नसावी, ह्याचे अनुवादिका म्हणून मला वाईट वाटले.

आपल्यापैकी कोणी विचारतील की, एक ड्रायव्हर गेला तर दुसरा पुढे का झाला नाही? त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. चित्रकार्ड बनविणाऱ्या कंपन्यांची लिनक्सबाबत वागणूक सारखी नव्हती. इंटेलने आपला ड्रायव्हर खुला ठेवला आणि तो गाभ्यातच येतो. एएमडीने २००७पासून आपल्या कार्डांची माहितीपत्रके प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला. एनव्हिडियाने ड्रायव्हर दिला, पण बंद पेटीत. आत काय लिहिले आहे ते कोणाला वाचता येत नसे. तेव्हा काही स्वयंसेवकांनी 'नूव्हो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहावयास घेतला. फ्रेंच भाषेत ह्या शब्दाचा अर्थ 'नवा'. कोणतेही व्याकरण हाती नसताना, बंद ड्रायव्हर कार्डाला काय बोलतो आणि कार्ड त्यावर काय करते, हे टिपून टिपून त्यांनी ती भाषा उलगडली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली तो प्रकार मला ह्याच जातीचा वाटतो. नूव्हो २०१० साली लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. पुढे एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना निर्मात्याच्या सहीचे अंतर्गत सॉफ्टवेअर लागू लागले, आणि स्वयंसेवकांना कार्ड पूर्ण वेगाने चालविणे अवघड झाले. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स ह्यांनी ह्या कंपनीच्या वागण्यावर जाहीरपणे जे शब्द वापरले ते येथे उच्चारण्यासारखे नाहीत. मे २०२२मध्ये कंपनीने आपल्या अलीकडच्या कार्डांपुरता ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. तो भाग खुला झाला म्हणजे सगळेच खुले झाले असे नाही. वरचा मोठा भाग बंदच राहिला.

बंद ड्रायव्हर बसविताना नूव्होला बाजूला व्हावे लागते, कारण एका कार्डाला एका वेळी दोन दुभाष्ये चालत नाहीत. माझ्या यंत्रात नूव्होला रजा मिळाली होती आणि नव्याला दाराशीच अडविले होते. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरबरोबरचे धाकटे चित्रकार्डही होते, पण पडद्याची जोडणी थोरल्याकडेच ठेवलेली असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

दुरुस्ती सांगावयास फार थोडा वेळ लागेल. अक्षरांच्या दालनातून 'मोकुटिल' ह्या आज्ञेने ती किल्ली पुन्हा नोंदणीसाठी पाठविली, तात्पुरता परवलीचा शब्द ठरविला व यंत्र पुन्हा सुरू केले. निळा पडदा आला. तो दहा सेकंदच थांबतो, म्हणून आधीच समोर बसून राहिले. ह्या खेपेस 'किल्ली नोंदवा' अशा अर्थाची ओळ निवडली, होकार दिला, परवलीचा शब्द टाइप केला. तेथे कळफलक इंग्रजीच असतो. शब्द साधा, लहान लिपीतला ठेवलेला बरा. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि चित्र आले. पहारा कायमचा बंद करून टाकण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. त्याने काम झाले असते. पण कुलूप अडते म्हणून दार काढून ठेवणे मला पटले नाही.

सगळ्यांचा बिघाड माझ्यासारखा नसेल. नवी सुधारणा उतरविल्यावर पडदा गेला असेल तर सुरुवातीच्या यादीत 'प्रगत पर्याय' उघडावे; तेथे जुना गाभा राखून ठेवलेला असतो. त्याने चित्र आले तर दोष सुधारणेचा. मी हे करून पाहिले होते. जुन्या गाभ्यानेही अंधारच राहिला, आणि त्यावरून सुधारणा निर्दोष ठरली. अक्षरांचे दालनही उघडत नसेल तर त्याच यादीवर 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा. त्याने गाभा चित्रकार्डाशी फार सलगी करीत नाही आणि कामचलाऊ चित्र येते. हा शब्द त्या एका खेपेपुरताच टिकतो, म्हणून निर्धास्त वापरावा. पण त्यालाच औषध समजू नये. अक्षरे अचानक मोठी व ओबडधोबड दिसू लागली, चित्रफीत अडखळू लागली आणि माहितीच्या पानावर कार्डाच्या नावाऐवजी 'एलएलव्हीएम-पाइप' असे काही दिसले, तर रंगविण्याचे काम कार्ड करीत नसून बिचारा मुख्य प्रोसेसर करीत आहे असे जाणावे. पडदा नुसता लुकलुकत असेल, तर काही इंटेल यंत्रांत वीज वाचविण्यासाठी पडद्याने स्वतःच जुने चित्र धरून ठेवण्याची जी युक्ती असते, ती बंद करून पाहावी.

आणि ज्या लुकलुकण्यापायी हे सारे रामायण घडले, त्याचे कारण शेवटी बाबांनी काढले. बाहेरच्या पडद्याची तार सैल होती.

आता माझ्या लॅपटॉपच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटविलेली आहे. निळ्या पडद्यावरच्या ओळींचे मराठी अर्थ मी तीवर लिहिले आहेत: पुढे चला, किल्ली नोंदवा, आणि खाली उरलेल्या दोन. दुसऱ्या ओळीखाली बाबांनी लाल शाईने रेघ मारली आहे. शेजारच्या मुलाने त्या चिठ्ठीचे हिंदी करून मागितले होते. तेही करून दिले.